मुलासाठी शाळा निवडताना: पहिल्यांदाच प्रवेश घेणाऱ्या आई-बाबांसाठी

गणपती ते दिवाळीच्या दरम्यान शहरांतल्या बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश सुरू होतात. चौकात फलक लागतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुम्ही कुठे घेतलंत?" अशी विचारणा सुरू होते आणि तीन वर्षांचं मूल घरात असलेल्या आई-बाबांना वाटू लागतं, आपल्याला उशीर झाला. उशीर झालेला नसतो. पण त्या भीतीपोटी पहिल्या भेटीतच पैसे भरून मोकळे होणारे पालक मी दरवर्षी बघते. पुढची दहा-बारा वर्षं त्या एका दुपारी ठरून जातात.

ज्यांच्या घरातला हा पहिलाच प्रवेश आहे, गावाकडून पुण्या-मुंबईला, नाशिकला, नागपूरला कामासाठी येऊन जे भाड्याच्या घरात राहतात आणि विचारायला जवळ कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. शाळेचं नाव, इमारत आणि बोर्ड यांच्या मागे आपण फार धावतो. मुलाचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे वर्गात समोर कोण उभं आहे, ते बोललेलं मुलाला कळतं का आणि शाळा घरापासून किती लांब आहे, यावर ठरतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच तीन गोष्टी तपासण्यासाठी आहेत.

आधी वय बघा

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि नर्सरीसाठी ३ वर्षं. हे किमान वय आहे. मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल तर ते वर्गात सगळ्यांत लहान ठरतं. पेन्सिल धरण्यापासून डब्याचं झाकण उघडण्यापर्यंत सगळ्यात ते इतरांच्या दहा-अकरा महिने मागे असतं आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो. अशा मुलाला एक वर्ष थांबवलं तर काहीही बिघडत नाही. "वर्ष वाया जाईल" असं आजी-आजोबा म्हणतील, त्यांना शांतपणे समजावा.

घराभोवती वर्तुळ काढा

शाळांची यादी करण्याआधी अंतर ठरवा. मोबाइलवर नकाशा उघडा आणि सकाळी साडेसात वाजता, खऱ्या गर्दीत, घरापासून अर्ध्या तासात कुठवर पोहोचता येतं ते बघा. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी त्या पलीकडची शाळा यादीत घेऊच नये, असं मी म्हणेन.

हिशेब करून बघा. शाळेची बस एका बाजूला ४५ मिनिटं घेत असेल तर रोजचा दीड तास झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे २०० दिवसांत मूल ३०० तास बसमध्ये बसणार, शिकण्याच्या वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त. तो वेळ खेळण्यातून आणि झोपेतून जातो. शिवाय शाळेतून फोन आला की "ताप आलाय, घेऊन जा", तेव्हा कुणी किती वेळात पोहोचू शकेल, हाही प्रश्न आहेच.

बस किंवा व्हॅन लागणारच असेल तर शाळेत शालेय परिवहन समिती आहे का, ते विचारा. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार ती असायला हवी आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. गाडीत मुलांना चढवायला-उतरवायला कुणी मदतनीस आहे का, हे एकदा सकाळी थांब्यावर उभं राहून स्वतः बघा. "बस आमची नाही, ठेकेदाराची आहे" असं शाळा म्हणाली तर अपघाताच्या वेळी जबाबदारी कुणाची, हे लेखी मागा.

यादीत सगळ्या प्रकारच्या शाळा घ्या

इथे बहुतेक पालक नकळत स्वतःचा पर्याय कमी करतात. यादी थेट खासगी इंग्रजी शाळांपासून सुरू होते. वर्तुळात येणारी महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा, जुनी अनुदानित मराठी शाळा, स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान न घेता शुल्कावर चालणारी) शाळा, सगळ्या लिहा. नंतर खोडता येतील.

जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे गरिबाची शेवटची सोय, हा समज आता तपासून बघण्याची गरज आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. मुंबई महापालिकेने २०२० पासून मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सीबीएसई आणि आयसीएसई बोर्डाच्या शाळाही सुरू केल्या. सगळ्या सरकारी शाळा अशा नाहीत, हे मलाही माहीत आहे. काही ठिकाणी दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. पण तुमच्या वर्तुळातली शाळा कशी आहे, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. आणखी एक गोष्ट: सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी विनाअनुदानित शाळेत पालकाला इतका अधिकार मिळत नाही.

वेगळ्या वाटेने जाणाऱ्या मराठी शाळाही आहेत: पुण्यात अक्षरनंदन, नाशकात आनंद निकेतन, कोल्हापुरात सृजन आनंद, फलटणला कमला निंबकर बालभवन. यांपैकी एखादी जवळ असेल तर प्रवेश घ्यायचा नसला तरी एकदा बघून या. लहान मुलांचा वर्ग कसा असू शकतो याचा अंदाज येतो, मग बाकीच्या शाळा बघताना नजर बदललेली असते.

कागद तपासा

याला एक संध्याकाळ पुरते, पण हे चुकवू नका. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो आणि त्यांत मोठमोठ्या इमारतींच्या शाळाही असतात. मान्यता नसलेली शाळा चालवल्यास १ लाखापर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दिवसाला १० हजार रुपये, अशी कायद्यात तरतूद आहे. दंड संस्थेला होतो, पण शाळा बंद झाल्यावर दाखल्यासाठी वणवण पालकांच्या वाट्याला येते.

शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, विचारा. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. युडायस प्लसच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की शाळा कितवीपर्यंत आहे, पट किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती हे दिसतं. पत्ता नीट वाचा. मान्यता एका पेठेतली आणि वर्ग भरतात दुसऱ्याच उपनगरात, असे प्रकार घडलेले आहेत. मग शाळेच्या कार्यालयात शासन मान्यतेचा आदेश आणि शिक्षण हक्क कायद्याखालचं मान्यता प्रमाणपत्र, ज्याला "नमुना दोन" म्हणतात, ते दाखवायला सांगा. चांगली शाळा हे कागद दाखवताना कचरत नाही.

फलकावर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलेलं दिसलं तर थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. खरी संलग्नता असेल तर शाळेला सीबीएसईचा संलग्नता क्रमांक असतो आणि शाळेच्या संकेतस्थळावर 'मॅण्डेटरी पब्लिक डिस्क्लोजर' या नावाचं पान ठेवणं बंधनकारक असतं. शुल्क, शिक्षकांची माहिती, इमारत आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं, दहावीचा निकाल हे सगळं त्यावर असायला हवं. राज्य सरकारच्या बनावट ना-हरकत प्रमाणपत्रांवर संलग्नता मिळवलेल्या शाळाही राज्यात उघडकीस आल्या आहेत, तेव्हा ते प्रमाणपत्रही मागायला संकोच करू नका. नावातल्या "इंटरनॅशनल" वरून बोर्ड कोणतं हे काहीच कळत नाही.

शाळेला मान्यता कितवीपर्यंत आहे, हेही विचारा. आठवीपर्यंतच असेल तर नववीला पुन्हा धावपळ करावी लागणार.

माध्यम: इथे वेळ द्या

घरात मराठी बोलली जाते, आई-बाबांचं शिक्षण मराठीतून झालं आणि मुलाला मात्र इंग्रजी माध्यमात घालायचं, या निर्णयामागची काळजी मला समजते. आपल्याला नोकरीच्या मुलाखतीत जी धाप लागली ती मुलाला लागू नये, असं वाटतं. ते रास्त आहे. पण इंग्रजी चांगलं येणं आणि इंग्रजीतून भूगोल शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन-चार वर्षांचं मूल घरच्या भाषेत दिवसभर "का?" विचारत असतं. त्याला अनोळखी भाषेच्या वर्गात बसवलं की पहिली गोष्ट बंद पडते ती प्रश्न विचारणं. ते गप्प बसतं, फळ्यावरचं उतरवून घेतं, उत्तरं पाठ करतं. वहीत सगळं सुंदर दिसतं. तिसरी-चौथीत शब्दांची गणितं येतात आणि मग कळतं की त्याला बेरीज येते, पण "उरले किती?" हे वाक्य कळत नाही. तोवर घरी अभ्यास घेणं आई-बाबांच्या हाताबाहेर गेलेलं असतं आणि शिकवणी लागते. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तोवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असंच म्हटलं आहे.

म्हणून माझा सल्ला: घरात मराठी असेल तर चांगली मराठी शाळा किंवा सेमी-इंग्रजी आधी शोधा. सेमीमध्ये बाकीचे विषय मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून असतात. अनेक शाळांत पहिलीपासून फक्त गणित आणि सहावीपासून विज्ञान असं चालतं. सेमीची शाळा बघताना एक गोष्ट नक्की विचारा: गणित शिकवणाऱ्या बाई समजावून सांगताना कोणती भाषा वापरतात? संज्ञा इंग्रजीत आणि समजावणं मराठीत असेल तर ठीक. सगळंच मोडक्या इंग्रजीत चालत असेल तर मुलाचं गणितही जातं आणि इंग्रजीही.

ज्यांच्या घरात दोन भाषा आहेत, किंवा ज्यांची बदली दर तीन वर्षांनी वेगळ्या राज्यात होते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी इंग्रजी माध्यम घेणं समजण्यासारखं आहे. तिथे मराठीचं काय, हे मात्र बघा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. आठवड्याला किती तास आणि कोण शिकवतं, हे विचारलं की शाळा त्याकडे कसं बघते ते लगेच लक्षात येतं.

माध्यम कोणतंही घेतलंत तरी एक कसोटी लावा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित करता यावं. त्या शाळेत तिसरी-चौथीत शिकणारं ओळखीचं मूल गाठा. त्याला पाठ्यपुस्तकात नसलेली, न वाचलेली अर्धं पान गोष्ट द्या आणि वाचून झाल्यावर त्याच्या भाषेत सांगायला लावा. अशी दोन-तीन मुलं अडखळली तर शाळेच्या माहितीपत्रकात काय छापलं आहे त्याला फारसा अर्थ उरत नाही.

बोर्डाची चिंता थोडी कमी करा

पहिलीच्या मुलासाठी एसएससी, सीबीएसई की आयसीएसई, यावर घरात महिनाभर वाद घालण्याचं कारण नाही. बदलीची नोकरी असेल तर सीबीएसई सोयीचं, कारण इतर राज्यांत त्याच बोर्डाची शाळा सहज मिळते. आयसीएसईत इंग्रजीवर भर जास्त असतो. अभियांत्रिकीची जेईई आणि वैद्यकीयची नीट या प्रवेश परीक्षांचा अभ्यास सीबीएसईत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांशी जुळतो, तर राज्याची एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. हे सगळे अकरावीचे प्रश्न आहेत. सहा वर्षांच्या मुलाला बोर्डापेक्षा त्याच्या वर्गातल्या बाई कितीतरी पट महत्त्वाच्या असतात.

पैशांचा पूर्ण हिशेब

"वर्षाला ६० हजार" असं सांगितलं की त्यात काय येतं, ते लिहून घ्या. सत्र शुल्क, बस, गणवेश, बूट, पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, परीक्षा, संगणक: प्रत्येकाची रक्कम वेगळी विचारा. मग वाढ धरा. समजा, पहिलीला ६० हजार आहेत आणि शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी वाढलं, तर दहावीला ते साधारण १ लाख ४१ हजार होतं आणि दहा वर्षांची बेरीज साडेनऊ लाखांच्या वर जाते. तीही फक्त शुल्काची. दोन मुलं असतील तर दुप्पट. हा आकडा घरात दोघांनी बसून बघा. कर्ज काढून भरलेल्या शुल्काचा ताण शेवटी मुलाच्या गुणपत्रिकेवर निघतो.

राज्यात शुल्क विनियमन कायदा २०११ आहे. त्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक असतो आणि तो सोडत काढून निवडायचा असतो. शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो आणि एकदा ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी असतं. तेव्हा शाळेत विचारा: कार्यकारी समितीची यादी कुठे लावली आहे? मंजूर शुल्काचा तक्ता दाखवाल का? यावर कार्यालयातली व्यक्ती चिडली तर पुढे काय वागणूक मिळेल ते समजून घ्या.

डोनेशन घेणं बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितला आहे. "विकास निधी", "इमारत निधी" अशा नावाने रोख मागितली आणि पावती नाही म्हणाले तर उठून या. गणवेश-पुस्तकं अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्तीही करता येत नाही.

२५ टक्क्यांच्या जागा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ खाली खासगी विनाअनुदानित शाळांत, अल्पसंख्याक शाळा सोडून, ज्या वर्गापासून प्रवेश सुरू होतो त्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात आणि आठवीपर्यंत शुल्क लागत नाही. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. त्यामुळे या जागा आहेत.

खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असण्याची अट आहे. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग यांना जातीचा दाखला लागतो. दिव्यांग मुलांसाठीही या जागा आहेत. अर्ज शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि तो मोफत असतो. मध्ये पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

अर्ज कुठे अडकतात ते सांगते. अर्जातल्या नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लागली की शाळेपर्यंतचं अंतर चुकतं आणि पडताळणीत प्रवेश रद्द होतो. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार अर्जाच्या तारखेआधीचा हवा, म्हणून तो आधीच करून ठेवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मिळायला वेळ लागतो, तो दिवाळीनंतर लगेच काढायला घ्या. निवड सोडत काढून होते. सोडतीनंतर मोबाइलवर संदेश येईल या भरवशावर राहू नका. संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्वतः रोज बघा, कारण मुदत छोटी असते. निवड झाली की आधी पडताळणी समितीकडे कागद घेऊन जायचं, मग शाळेत. बस आणि सहलीचा खर्च वेगळा पडू शकतो, तो शाळेला आधीच विचारा. आणि या जागांवरच्या मुलांना वेगळं बसवतात का, हे त्याच शाळेतल्या अशा पालकांना भेटून विचारा. तसं होत असेल तर शाळा फुकट असली तरी नको.

शाळेत जा, पण साध्या दिवशी

'ओपन हाउस'च्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. मंगळवार-बुधवारी, परीक्षा किंवा समारंभ नसताना, वेळ मागून जा. आणि एकदा कुणालाही न सांगता शाळा सुटताना फाटकाबाहेर उभे राहा. मुलं कशी बाहेर येतात ते बघा. दमलेली असतातच, पण बोलत येतात की मान खाली घालून येतात? बाईंना "अच्छा" करतात का? छोट्या मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर फाटकावर कुणी अडवतं का?

आत गेल्यावर संगणक कक्ष आणि सभागृह दाखवतील. ते बघा आणि मग स्वच्छतागृह दाखवा म्हणा. मुलींचं आणि अगदी लहान मुलांचं. कडी आतून लागते का, पाणी आहे का, वास येतो का. दिवसभर लघवी दाबून ठेवणारी, त्यासाठी पाणीच न पिणारी मुलं शहरांतल्या महागड्या शाळांतही आहेत.

भिंतींकडे बघा. विकत आणलेले चकचकीत तक्ते लावले आहेत की मुलांनी काढलेली, थोडी वेडीवाकडी चित्रं आणि वाक्यं? वाचनालयातलं एखादं पुस्तक हातात घ्या. कोपरे दुमडलेले, वापरून मऊ झालेलं पुस्तक ही चांगली खूण. कुलूपबंद कपाटात नवीकोरी पुस्तकं असतील तर ती शोभेची आहेत. दुसरीतल्या मुलाची वही मागा. सगळ्या मुलांच्या वहीत शब्दन् शब्द सारखा असेल तर फळ्यावरून उतरवून घेतलेलं आहे. मुलाचं स्वतःचं एक तरी वाक्य, चुकांसकट, वहीत दिसायला हवं.

एका तुकडीत किती मुलं आहेत? कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असं आहे. पन्नास मुलांच्या वर्गात बाई कितीही चांगल्या असल्या तरी मागच्या बाकावरचं मूल त्यांना दिसत नाही. दप्तर उचलून बघा. २०२० च्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंही म्हटलं आहे.

आता मुख्याध्यापकांशी बोला. मी पाच प्रश्न नक्की विचारेन. पहिलीला शिकवणाऱ्या बाई इथे किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी तुम्ही काय करता? मुलांनी ऐकलं नाही तर बाई काय करतात? मूल शाळेत रडायला लागलं तर कुणाकडे जातं? उत्तरांत एखाद्या खऱ्या मुलाचं उदाहरण आलं तर ती शाळा मुलांकडे बघते. "आमच्याकडे असा प्रॉब्लेमच येत नाही" हे उत्तर मला सगळ्यांत काळजीचं वाटतं. मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. एखाद्या वर्गात पट्टी टेबलावर आपटताना ऐकू आली तर तेवढं पुरे.

सुरक्षिततेबद्दल लाजून गप्प बसू नका. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर राज्याने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर जोर दिला. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तर शाळेत २०२२ पासून अपेक्षित आहे. समितीत कोण आहे, तक्रारपेटी कोण उघडतं, लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, असं थेट विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक शाळेत ठळक लावलेला असायला हवा.

मूल दिव्यांग असेल, किंवा बोलायला-वाचायला उशीर होतो आहे असं वाटत असेल, तर ते लपवू नका. विशेष शिक्षक आहेत का, याआधी अशी मुलं शिकली का, त्यांच्या पालकांशी बोलता येईल का, असं विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रवेश मिळाला आणि मुलाला मागे नुसतं बसवून ठेवलं, याने काही साधत नाही.

इतर पालकांना काय विचारायचं

नुकताच प्रवेश घेतलेल्या पालकाला विचारू नका. पैसे भरून झाल्यावर प्रत्येकाला आपला निर्णय बरोबरच वाटतो. तिसरी ते पाचवीतल्या मुलांचे पालक शोधा आणि ज्यांनी शाळा सोडली त्यांनाही भेटा. "शाळा कशी आहे?" या प्रश्नाला "छान आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, मुलाला शिकवणी लावली आहे का आणि कितवीपासून. अर्ध्या वर्गाला दुसरीतच शिकवणी असेल तर शाळा शिकवत नाही, हे स्पष्ट आहे. शेवटची तक्रार कशाबद्दल केली होती आणि किती दिवसांत उत्तर आलं? रविवारी रात्री मूल शाळेच्या नावाने कुरकुरतं का? व्हॅनवाल्या काकांशीही दोन मिनिटं बोला. त्यांना पाच शाळा ठाऊक असतात.

अर्ज भरताना

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आई-बाबांची मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. "सहज गप्पा" म्हणून बोलावलं आणि तुमची पदवी, इंग्रजी, पगार विचारू लागले तर ती मुलाखतच आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद, तीही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. वर्षाच्या मध्येही मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसता येतं.

दोन शाळा शेवटी उरल्या तर मुलाला दोन्हीकडे घेऊन जा. त्याला निवडायला लावू नका, ते ओझं त्याचं नाही. फक्त बघा, कुठल्या बाई त्याच्याशी बोलायला खाली वाकल्या.

पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्या. प्रत्येक पावती जपा.

निर्णय चुकला असं वाटलं तर

पहिले दोन-तीन महिने मूल रडतं, त्यावरून घाईने काही ठरवू नका. पण दिवाळीनंतरही ते सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, अंथरूण ओलं करू लागलं असेल, किंवा एखाद्या बाईंचं नाव काढलं की गप्प होत असेल, तर आधी वर्गशिक्षिकेला भेटा, मग मुख्याध्यापकांना. बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळी लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. तरीही बदल दिसला नाही तर शाळा बदला, वर्ष संपायची वाट बघू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला लगेच दिला पाहिजे. तो देण्यात जुन्या शाळेने वेळ लावला तरी नव्या शाळेला त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. थकीत शुल्कापायी दाखला अडवून धरला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार द्या आणि नव्या शाळेत मुलाला दुसऱ्याच दिवसापासून पाठवायला लागा.